नानांची शिट्टी

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक जळगावात, दुसरा धुळ्यात. मधले अंतर नव्वद-एक किलोमीटरांचे, एरंडोल-पारोळ्यावरून जाणारे. दोघांनीही चाळिशी मागे टाकली आहे, दोघांच्याही नावापुढे मराठीची एम. ए. पदवी आहे आणि दोघांचाही विज्ञानाशी आलेला अखेरचा संबंध दहावीच्या गुणपत्रिकेवर संपतो. असे असताना आमच्या धुळ्याच्या घरातल्या एका टेबलावर संशोधन-प्रकल्पाच्या फायलींऐवजी डाखणी, डाखाची तार, रेझिस्टन्सच्या पुड्या आणि बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर का पसरलेला असतो, याचा खुलासा आम्हांला वारंवार करावा लागतो. विभागातल्या एका सहकाऱ्याने सरळच विचारले, "सर, याचे काही गुण मिळतात का?" मिळत नाहीत. मूल्यांकनाच्या कोणत्याही रकान्यात हे बसत नाही. तरी गेली काही वर्षे आम्ही ते करत आहोत. त्याचे कारण लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आले की सुरुवातीचे कारण एक होते आणि आता ते भलतेच झाले आहे.

सुरुवात झाली ती उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत. आमची दोन्ही महाविद्यालये एकाच विद्यापीठाला जोडलेली. १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन जळगावात स्थापन झालेले हे विद्यापीठ २०१८ पासून बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. तपासणीच्या निमित्ताने धुळेकर जळगावी मुक्कामाला येतो, आणि रात्री भरीत-पुरीवर ताव मारून झाल्यावर आम्ही काहीबाही ऐकत बसतो. अशाच एका रात्री जळगावकराने एक ध्वनिमुद्रण लावले. प्रथम वाटले, रेडिओचे स्टेशन नीट लागलेले नाही. मग लक्षात आले की त्या खरखरीला, त्या घोंघावण्याला कोणीतरी हाताने आकार देत आहे. ती अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतली, १९६९ ते १९७२ या काळातली मुद्रणे होती. ब्रिटनमधले कलावंत पॉल पर्गस यांनी संस्थेच्या संग्रहातून ती शोधली आणि २०२३ मध्ये त्यांचा संच प्रसिद्ध झाला.

हा इतिहास आम्हांला ठाऊक नव्हता, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर १९६९ च्या शरदात अहमदाबादला आले आणि त्यांनी त्या संस्थेत मूग कंपनीचा सुट्या भागांचा, म्हणजे 'मॉड्युलर' सिंथेसायझर उभा केला. यामागे साराभाई कुटुंब होते. गौतम व गिरा साराभाई संस्थेचे आधारस्तंभ, तर त्यांची बहीण गीता ही संगीताची जाणकार. याच गीताबाईंनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवले होते आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले होते. अहमदाबादच्या त्या खोलीत गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि तेव्हा विद्यार्थिदशेत असलेले जिनराज जोशीपुरा यांनी तारा जोडून, तारा उपसून आवाज घडवले. चारेक वर्षांत सारे थांबले आणि फिती कपाटात गेल्या. जळगावातून सुरतेची गाडी धरली की अहमदाबाद एका रात्रीवर. म्हणजे चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षी आमच्यापासून एका रात्रीच्या अंतरावर हे चालले होते!

मॉड्युलर म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांना कळेल अशा भाषेत सांगतो. बाजारात मिळणारा कॅसिओ हा शिजवून वाढलेल्या ताटासारखा. बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की व्हायोलिन. मॉड्युलरमध्ये ताट नसते, चूल आणि डबे असतात. एक डबा आवाज निर्माण करतो, दुसरा त्यातले तीक्ष्ण अंश गाळतो, तिसरा आवाज किती वेळात चढावा-उतरावा हे ठरवतो, चौथा नुसताच संथ हेलकावे देतो. यांपैकी कोणाचा संबंध कोणाशी हे आधी ठरलेले नसते; ते वाजवणाऱ्याने तारांनी जोडायचे. मुख्य युक्ती अशी की प्रत्येक डब्याला हुकूम मिळतो तो विजेच्या दाबातून. अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला या दोघांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास स्वतंत्रपणे ही कल्पना प्रत्यक्षात आणली. मूग यांच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर चढतो. १९९० च्या दशकात जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी या डब्यांचे एक सुटसुटीत माप रूढ केले, उंची १२८.५ मिलिमीटर, आणि तेव्हापासून जगभर घरोघरी लोक असे डबे बनवू लागले. तयार डब्यांच्या किमती प्राध्यापकालाही धडकी भरवणाऱ्या आहेत. सुटे भाग मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पिशवीभर मिळतात. आम्ही पिशवी आणली.

आता कोणी म्हणेल, खानदेशाला हे नवेच खूळ. तसे नाही. आमच्याकडच्या कोणत्याही वरातीत बँडवाल्याने नागिणीची धून धरली की सुटाबुटातला मामाही रुमालाची पुंगी करून रस्त्यावर लोळतो. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली ती पुंगी पुंगी नव्हतीच. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती. म्हणजे गावोगावच्या आपल्या लोकांनी सत्तर वर्षे ज्या आवाजावर अंगात आणले, तो आवाज मुळात झडपांच्या दिव्यांतून निघालेला. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगातल्या जाणकारांनी कान टवकारले. सिंग २०१५ साली वारले. आपल्याकडे अशा गोष्टी होतात आणि त्यांची नोंद दुसरीकडे होते, हे आम्हां साहित्यवाल्यांना नवे नाही. असो.

आमचा पहिला आवाज सीडी ४०१०६ या आयसीतून निघाला. त्याचे तंत्र इतके साधे आहे की ते कळल्यावर आम्हांला स्वतःचाच राग आला. जळगावकराने ते ठिबकावर बसवून सांगितले. ठिबकाच्या तोटीखाली एक भांडे ठेवा. तोटीतून पाणी सावकाश पडते, हा रेझिस्टन्स. भांडे भरत जाते, हा कंडेन्सर. ठरावीक रेषेपर्यंत भरले की भांडे आपोआप रिते होऊ लागते, ठरावीक रेषेखाली गेले की पुन्हा भरू लागते. ही वरची आणि खालची रेष सांभाळणारा तो आयसी. हे भरणे-सांडणे सेकंदाला शंभरेक वेळा झाले की कानाला स्वर ऐकू येतो. एका आयसीत अशी सहा भांडी. नऊ व्होल्टची बॅटरी लावली, तार जुन्या टेपरेकॉर्डरला जोडली, आणि धुळ्याच्या त्या खोलीत एक लांब, करकरीत, निर्लज्ज आवाज भरून राहिला.

तेव्हा दारात नाना आले.

नाना हे आमच्यातल्या धुळेकराचे वडील. पण दोघेही त्यांना नानाच म्हणतो. पाचकंदिलाजवळ त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओ ठेवायला टपाल खात्याचा परवाना लागत होता त्या काळापासून पुढे टेपरेकॉर्डर, दूरदर्शन संच असे करत ते दुकान २००० नंतर काही वर्षांनी बंद झाले. मुलाने आयटीआयला जावे, दुकान पुढे न्यावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलाने मराठी घेतले. त्यावरून घरात भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते, असे पुढे अनेक वर्षे वाटत राहिले. नाना फक्त कमी बोलू लागले. मुलाने एखादे पुस्तक प्रसिद्ध झाल्याचे सांगितले तरी मान हलवायची आणि दुसरीकडे पाहायचे. चारचौघांत तर ते पार गप्प. आम्ही दोघांनी याचा अर्थ लावून टाकला होता. अर्थ लावणे हाच आमचा व्यवसाय.

तर नाना दारात उभे राहिले, ब्रेडबोर्डकडे पाहिले, कान दिला, आणि अहिराणीत म्हणाले, "हाई ते शिट्टी शे."

आम्ही काही सांगू लागलो, अहमदाबाद, मूग वगैरे. ते त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि पुढचे वाक्य टाकले: "सारी जिनगी मी हाई शिट्टी काढामा घाली, आनि तू पैसा दिसन ती घर लई उना!"

पुढे त्यांनी खुणेने, तुटक बोलत जे सांगितले ते असे. जुना रेडिओ दुरुस्तीला येई, तेव्हा गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा एकच असे. काटा फिरवला की शिट्टी येते. आतला एखादा कंडेन्सर सुकलेला असे. मग जो आवाज पुढे जायचा तो मागे फिरे, पुन्हा वाढे, पुन्हा मागे फिरे, आणि ज्याने फक्त मोठे करून सांगायचे तो टप्पा स्वतःच बोलू लागे. तो कंडेन्सर शोधायचा, बदलायचा, शिट्टी बंद करायची आणि त्यामागची आकाशवाणी मोकळी करायची; हा नानांचा जन्मभराचा उद्योग. आम्ही जे निर्माण करून हर्षभरित झालो होतो, तो त्यांच्या धंद्यातला दोष होता.

या वाक्यावर आम्ही दोघे महिनाभर बोलत होतो. समीक्षेत आम्ही वर्गात जे सांगतो, की काव्यभाषा म्हणजे व्यवहारभाषेतले विचलन, ते नानांनी एका वाक्यात, तेही उपहासाने, सांगून टाकले होते. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की इतक्या वर्षांत नाना मुलाच्या कामाविषयी स्वतःहून प्रथमच काही बोलले होते.

त्यानंतर नाना टेबलाशी बसू लागले. त्यांचा हात आता थरथरतो, डाखणी धरवत नाही. ते बोटाने दाखवतात, आम्ही करतो. पहिला धडा असा: डाख कामाला लावायचा असतो, डाखणीला नव्हे, आधी तांब्याचा ठिपका आणि तार दोन्ही तापवा, मग डाख लावा, तो आपणहून पसरेल. डाखाचा गोळा झाला तर जोड थंड आहे समजा. दुसरा धडा आम्ही धूर काढून शिकलो. धन बारा आणि ऋण बारा व्होल्टसाठी ७८१२ आणि ७९१२ असे दोन तीन पायांचे आयसी लागतात. दिसायला जुळे, पण पायांचा क्रम वेगळा. आम्ही दोन्ही सारखेच जोडले. भाऊ-भाऊ सारखे दिसतात म्हणून एकाची सासुरवाडी दुसऱ्याची होत नाही, असे काहीसे नाना म्हणाले आणि खिडकी उघडायला सांगितली.

या काळात आमच्या शब्दसंग्रहाची जी झाडाझडती झाली, ती मराठीच्या प्राध्यापकांना लाजवणारी होती. परिभाषाकोशात कपॅसिटरला 'धारित्र' आहे. दुकानात तो 'कंडेन्सर'. कोशात 'रोध', दुकानात 'रेझिस्टन्स'. इंग्रजी पुस्तकांनी केव्हाच टाकून दिलेला 'कंडेन्सर' हा शब्द धुळ्याच्या बाजाराने जपून ठेवला आहे. उलट, 'डाख' हा अस्सल मराठी शब्द आमच्या एकाही विद्यार्थ्याला माहीत नव्हता. नानांना तो आजोबांच्या पिढीतल्या तांबटांकडून मिळालेला. आम्ही परिभाषेवर व्याख्याने दिली आहेत. शब्द हातात धरून तापवावा लागतो, हे त्या व्याख्यानांत नव्हते.

खरी परीक्षा मे महिन्याने घेतली. ४०१०६ चा आवाज सुरात बसत नाही. एक व्होल्टला एक सप्तक असे चोख वागणारा दोलक हवा असेल तर ट्रान्झिस्टरच्या एका स्वभावाचा उपयोग करावा लागतो. त्याच्या तळाशी दिलेला दाब थोडाथोडा वाढवला, तर त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट-चौपट-आठपट असा वाढतो. आणि कानालाही सप्तक म्हणजे दुप्पटच हवी असते. साधारण तपमानाला सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढले की प्रवाह दुप्पट. निसर्गाने ही सोय आयती ठेवली आहे. परंतु त्या १८ मिलिव्होल्टांवर उष्णतेचा अंमल चालतो. दर अंशामागे एक तृतीयांश टक्का इतका तो आकडा सरकतो. युरोपातल्या खोलीत हे चालून जाते. जानेवारीत, सकाळी, २५ अंशांना आम्ही सप्तक लावले. मे महिन्यात दुपारी त्याच खोलीत तपमान ४३ झाले आणि तार षड्ज सुमारे दोन तृतीयांश अर्धस्वराने खाली घसरला. गणित करून पाहिले. अगदी तेवढाच घसरायला हवा होता. त्यातच मूळचा षड्जही जागेवर राहिना. तो सकाळी एक, दुपारी दुसरा, पंखा लावला की तिसरा.

मूळच्या षड्जाचे औषध नानांकडे निघाले. "जोडी लावा," ते म्हणाले. ट्रान्झिस्टर रेडिओत शेवटच्या टप्प्यावर एसी १२८ जातीचे दोन ट्रान्झिस्टर असत. लाटेचा वरचा अर्धा भाग एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. दोघे सारख्या ताकदीचे नसले तर आवाज फाटे. म्हणून दुकानदार पाकिटातून जोड्या निवडत. आमच्या दोलकातही दोन ट्रान्झिस्टर असतात. एकाने उष्णतेमुळे केलेली चूक दुसऱ्याने तेवढीच चूक करून फेडायची. पण त्यासाठी दोघांचा स्वभाव एक हवा आणि अंगही सारखेच तापायला हवे. आम्ही बीसी ५४७ चे पन्नास नग आणले. दोन रात्री एकेक नग मल्टीमीटरला लावून आकडा मिलिव्होल्टांत सांगायचा, नानांनी वहीत लिहायचा. थरथरत्या अक्षरांतली ती पन्नास आकड्यांची यादी आमच्याकडे आहे. तीन जोड्या जुळल्या. मग नानांनी जुळलेले दोघे चपट्या बाजूंनी एकमेकांना चिकटवून शिवणाच्या दोऱ्याने बांधायला लावले. षड्ज पुष्कळसा स्थिर झाला. सप्तकाच्या आखूड होण्यावर मात्र दोऱ्याचा इलाज नाही. त्यासाठी उष्णतेबरोबर बदलणारा खास रेझिस्टन्स लागतो, अंशामागे ३३०० भाग दशलक्षी बदलणारा. तो परदेशातून मागवावा लागला. पहिल्या वेळी विक्रेत्याने साधाच पाठवला. दुसऱ्या वेळी खरा आला.

एवढी यातायात कशासाठी? तर सुरासाठी. महाराष्ट्रात ही यातायात जुनी आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेवर मोजून पाहिले. आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या न्यायाधीशाने त्या मापांवरून श्रुतींची पेटी करवून घेतली. पंडित भातखंड्यांना ही मांडणी पटली नाही, वाद रंगला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७० च्या दशकापर्यंत पुरती सैल झाली नव्हती. आक्षेप हा की पेटीचे सूर ठोकळ्यांचे, दोन पट्ट्यांमधली जागा तिला ठाऊक नाही, मींड तिला येत नाही. आमच्या डब्याला पट्ट्या नाहीतच. एक बटण, तेही फिरणारे. षड्जापासून तार षड्जापर्यंतची प्रत्येक जागा त्याला ठाऊक आहे. देवलांना हा डबा दाखवता आला असता तर, असा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला.

परंतु वापरून पाहिल्यावर कळले की सगळ्या जागा देणे म्हणजे श्रुती देणे नव्हे. बटण सगळ्या जागांना सारखेच लेखते. मारव्याचा ऋषभ कुठे थांबायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पेटी निदान बारा ठिकाणी तरी थांबवते. बटण कुठेच थांबवत नाही. थांबायचे कानाने. म्हणजे शेवटी सगळा भार कानावर.

आणि इथे आम्ही त्या संध्याकाळपाशी येतो, जिच्यामुळे हा लेख लिहिणे आम्हांला जड जात होते.

दोलक पूर्ण झाला होता. नानांना समोर बसवले आणि बटण हळूहळू वर फिरवू लागलो. आवाज खर्जातून निघाला, मध्यात आला, चढत गेला, बारीक झाला. नाना डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "बंद पडी गया."

बंद पडलेला नव्हता. आम्हां दोघांच्या कानांत तो सुईसारखा टोचत होता. धुळेकराने बटण खाली आणले. नाना म्हणाले, आला. वर नेले, गेला. मल्टीमीटर लावून पाहिले. एकतीसशे-बत्तीसशे हर्ट्झपाशी नानांच्या दृष्टीने यंत्र बंद पडत होते. आम्ही तीनदा केले, आणि तीनदा त्याच जागी.

मराठीचा, किंवा कोणत्याही भाषेचा, ध्वनिविचार शिकवणाऱ्याला याचा अर्थ कळायला वेळ लागत नाही, लागायला नको होता. स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते. अ, आ, ओ तिथे ऐकू येतात. 'स' मधले घर्षण, 'श', 'थ', 'फ', 'ख' मधला श्वास, हे सारे वरच्या पट्टीतले. वरची पट्टी गेली की माणसाला बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. कोणीतरी काहीतरी म्हणाले एवढे कळते. 'पुस्तक' म्हणाले की 'उतक', हे अंदाजाने ठरवावे लागते. चारचौघांत, पंख्याच्या आवाजात, तोही अंदाज करता येत नाही. मग माणूस मान हलवतो आणि दुसरीकडे पाहतो.

आम्ही अर्थ लावला होता तो रागाचा.

हे किती वर्षे चालले असेल? नानांनाही सांगता आले नाही. त्यांच्या मते लोकच आजकाल पुटपुटतात. ज्याने पन्नास वर्षे कानावर पोट भरले, त्याचा कान जात असल्याचे घरात कोणालाही, त्याला स्वतःलाही, कळले नाही. आणि ते कळले ते एका निरुपयोगी डब्यामुळे. पुढे डॉक्टरांकडे नेले. तिथल्या बंद खोलीत त्यांच्या कानांना लावले ते यंत्र म्हणजेही एक दोलक आणि एक आवाजाचे बटण. नाना तपासणाऱ्या मुलीला म्हणाले, याच्यात जोडी लावलेली आहे का? तिला काही कळले नाही.

सगळाच दोष आम्ही कानावर टाकू शकत नाही. मुलाने आयटीआयला जावे ही इच्छा खरी होती, ते गेले नाहीत याचे दुःखही खरे असणार. मौनातला कोणता अंश दुःखाचा आणि कोणता बहिरेपणाचा, हे आता वेगळे करता येत नाही. त्यासाठी कोणती गाळणी आम्हांला सापडलेली नाही. धुळेकराने एकदा धीर करून विचारले, "नाना, मी मराठी घेतले तेव्हा तुम्हांला राग आला होता का?" नाना म्हणाले, "काय?" प्रश्न पुन्हा विचारवला नाही.

श्रवणयंत्र ते क्वचित लावतात. लावले की पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, सगळे अंगावर येते म्हणतात. आणि मधूनच त्या यंत्रातून बारीक शिट्टी येते, कारण कानातला आवाज पुन्हा यंत्रात शिरतो. ती त्यांना ऐकू येत नाही, आम्हांला येते. सांगितले की ते यंत्र काढून हातात घेतात, उलटसुलट पाहतात आणि बाजूला ठेवतात.

आम्ही आता त्यांच्याशी बोलताना समोर बसतो, पंखा बंद करतो, सावकाश बोलतो. उन्हाळ्यात पंखा बंद करून बोलण्याचा एक फायदा असा की माणूस फापटपसारा टाळतो. डब्यांची संख्या सात झाली आहे. लाकडी खोके नानांच्या ओळखीच्या सुताराने केले, पुढच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नावाच्या पाट्या कोरणाऱ्याकडून आणल्या. बटणांखालची नावे मराठीत कोरायची ठरले, तेव्हा आमच्यात बराच वाद झाला. 'गाळणी'वर एकमत झाले. 'दोलक' की 'आंदोलक', यावर दोन रविवार गेले. शेवटी नानांना विचारले, या पहिल्या डब्याला काय नाव द्यायचे. त्यांनी बोटाने हवेत अक्षरे काढली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पाटीवर 'शिट्टी' असे कोरून घेतले आहे. सूर काढताना ते बटण एकतीसशेच्या पुढे आम्ही सहसा नेत नाही.